आजोबांच्या घराच्या तुळया आणि परसातला बांध

आमचं गावचं जुनं घर उतरवलं ते २०१९ च्या मे महिन्यात. संगमेश्वर तालुक्यात, रस्त्यापासून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, उतरून दहा मिनिटं खाली. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मागची भिंत एका पावसाळ्यात बसली आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं बांधू. ते झालं, चांगलं झालं, पण उतरवलेलं लाकूड गोठ्यात तसंच रचून पडलेलं. ऐनाच्या नऊ तुळया, चार खांब, किंजळीचे ढीगभर वासे, फणसाच्या दोन चौकटी. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला आणि दोन्ही वेळा जळणाच्या भावाने मागितलं. आईने त्याला सरळ सांगितलं, याच आढ्याखाली मी माप ओलांडून आले, चुलीत घालायला देणार नाही.

तर त्या लाकडाचं काय झालं ते लिहितेय, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत गावाकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं, आणि कोकणात आता घरोघरी हेच चाललंय, जुनं घर उतरवतात आणि शंभर वर्षांचं लाकूड मातीमोल जातं.

आमच्या परसात जमीन एकदम चढते. जुन्या घराला त्याचा काही त्रास नव्हता, पण नवीन घराचा चौथरा मोठा घेतला आणि त्यासाठी मागची दरड चार-पाच फूट आत खोदली. म्हणजे जी माती वर्षानुवर्षं आपल्या उताराने नीट बसलेली होती तिचे पायच आम्ही कापले. पहिले दोन पावसाळे थोडी थोडी माती यायची, आई खराट्याने ओढून टाकायची. मग २०२१ चा जुलै आला, चिपळूण बुडालं तो. २१ आणि २२ तारखेला रात्रभर जो पाऊस पडला त्यात आमच्या मागच्या दारी गुडघाभर लाल चिखल येऊन बसला, न्हाणीची मोरी बुजली, आणि आई घरात एकटी होती. मी ठाण्यात. फोन लागत नव्हता दीड दिवस. त्या दीड दिवसानंतर मी ठरवलं की इथे बांध घालायचाच.

कोकणात असा बांध म्हणजे कोणीही दगडाचा गडगा किंवा चिऱ्याची भिंत सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे टेम्पो वरच्या रस्त्यावर थांबतो, तिथून एकेक चिरा डोक्यावरून आणायचा. घराला चिरा आणला तेव्हाची मजुरी आठवत होती. बांध दोनच फूट उंच हवा होता, चोवीस फूट लांब. आणि गोठ्यात लाकूड होतं. धाकट्या भावाने आणि मी युट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघितले, तिकडे लाकडाचे असे बांध सर्रास घालतात, आणि म्हटलं आपणही करूया.

२०२२ च्या मे मध्ये पहिला बांध घातला. चारही खांब मधोमध कापले, साडेतीन-साडेतीन फुटांचे आठ तुकडे झाले, ते दीड-दीड फूट जमिनीत गाडले, बाजूने काँक्रीट ओतलं, मागून वासे आडवे एकावर एक रचले आणि त्यामागे खोदलेलीच माती परत भरून धुमसून टाकली. दिसायला इतकं सुंदर की शेजारच्या वाडीतले लोक बघायला आले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला, म्हणाली बांधाला पोट आलंय. शनिवारी जाऊन बघते तर मधला भाग बोटभर नाही, चांगला वीतभर पुढे आलेला, दोन वासे मोडलेले, आणि फटीफटीतून लाल पाणी पिचकारीसारखं उडत होतं. ती पिचकारी बघताना पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला की हे मातीचं काम नाहीये, पाण्याचं आहे.

आमच्या वाडीतले जुने सुतार आहेत, आता ऐंशीच्या पुढे, मी सुतारकाकाच म्हणते. ते छत्री घेऊन आले, बांधाकडे बघितलं, मग कापलेल्या खांबावर हात ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पान्याला वाट ठेव गो आधी." आणि मग विचारलं, हा खांब घरात कशावर उभा होता आठवतंय का?

तळखड्यावर. जुन्या घरात प्रत्येक खांबाखाली एक घडवलेला काळा दगड असायचा, तळखडा. आम्ही लहानपणी त्यावर बसून अभ्यास करायचो. खांब जमिनीत कधीच नव्हता. त्याचे पाय कोरडे, डोक्यावर कौल, चारी बाजूने वारा, आणि वर चुलीचा धूर. म्हणून तो इतकी वर्षं टिकला. आणि त्याच खांबाला आम्ही कापून ओल्या मातीत पुरला होता, वर काँक्रीटची मोट बांधून, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेरही येऊ नये. जमिनीलगत जिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात तिथेच लाकूड सगळ्यात आधी कुजतं. एकाच पावसात त्या तुकड्यांचा बाहेरचा पांढरा भाग नखाने टोचला जाईल इतका मऊ झाला होता. आतली नार, म्हणजे काळसर गाभा, अजून दगडासारखी होती, त्यामुळे तुकडे वाचले. पण मला फार वाईट वाटलं. खांब कापले गेले ते गेलेच.

त्या पावसाळ्यात मी जरा बसून हिशोब शिकले. अगदी सोपा आहे. भिंतीमागे पाणी साचलं आणि त्याला बाहेर पडायला जागा नसली तर दोन फूट उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचाच साधारण १८० किलोचा रेटा येतो, मातीचा रेटा वेगळा. आमच्या चोवीस फुटांवर म्हणजे जवळजवळ तेराशे किलो. आणि हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट, चार फुटाला दर मीटरला सातशे किलोच्या वर. म्हणून कोणी मला विचारलं की असाच पाच फुटी बांध लाकडाचा घालू का, तर माझं उत्तर नाही. दोन फूट, फार तर अडीच. त्याच्या वर जायचं असेल तर इंजिनिअरला बोलवा, पैसे जाऊ देत, खाली माणसं झोपतात.

पाण्याला वाट दिली तर हाच १८० किलोचा रेटा जवळजवळ नाहीसाच होतो. पुढचं सगळं काम या एका गोष्टीसाठी केलं.

२०२३ ला एप्रिलच्या शेवटीच गेलो, मे मध्ये घाई होते. आधी पहिला बांध सोडवला. मग लाकूड साफ करायचं काम, आणि यात सगळ्यात जास्त वेळ गेला, पूर्ण चार दिवस. जुन्या लाकडात खिळे असतात, आणि जुने खिळे गंजून आत तुटलेले असतात, वरून दिसत नाहीत. करवतीचं पातं त्यावर गेलं की दात जातात, आणि इलेक्ट्रिक करवत असली तर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. भावाने एका बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं आणि ते प्रत्येक तुळईवरून फिरवत गेलो, जिथे ओढ लागेल तिथे खडूने गोल. नऊ तुळयांतून दीडशेच्या वर खिळे निघाले. काही चौकोनी डोक्याचे, लोहाराने घडवलेले. ते आईने डब्यात भरून ठेवलेत.

घासताना तुळयांच्या टोकांवर पटाशीने मारलेल्या खुणा दिसल्या, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, आणि समोरच्या खांबाच्या तुकड्यावर तशाच. सुतारकाका म्हणाले, या जोड्या लावायच्या खुणा, जमिनीवर सगळं जुळवून बघायचे आणि मग वर चढवायचे. त्यांच्या वडिलांनी की आजोबांनी मारल्या ते त्यांनाही सांगता येईना, पण घराणं तेच. मग बांध रचताना मी ती टोकं मुद्दाम दर्शनी बाजूला घेतली.

एक महत्त्वाचं, तुळयांना जिथे खांबाची कूस, म्हणजे जोडासाठी काढलेलं वरचं टोक, बसायची त्या खाचा असतात. त्या वरच्या अंगाला आल्या की त्यात पाणी साचून राहतं आणि लाकूड आतून जातं. सगळ्या खाचा खाली तोंड करून ठेवायच्या. ज्या एका तुळईला दोन्ही अंगांना खाच होती तिच्यात ऐनाची पाचर ठोकून बसवली.

आता लाकडाला लावायचं काय. इथे खूप सल्ले मिळाले आणि बरेचसे मला पटले नाहीत. गाडीचं जळकं ऑइल लावा असं दहातले आठ जण सांगतात. आमची विहीर परसाच्या खालच्या अंगाला आहे, तेव्हा ते मी हातात पण धरलं नाही. एकाने जुने रेल्वेचे स्लीपर आणून देतो म्हटलं, लाकडी, ते तर टिकतातच. टिकतात कारण त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं, डांबरातून निघणारं तेल, उन्हाने तापलं की वर पाझरतं, कातडीला त्रास देतं आणि भाजी-हळद लावायच्या मातीला ते लागून चालत नाही. बोरॅक्स-बोरिकचं औषध वाळवीला चांगलं आहे पण पाण्यात धुऊन जातं, आपल्या पावसात जमिनीला टेकलेल्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. आणि ते हिरवट रंगाचं लाकूड जे परदेशी व्हिडिओत दिसतं त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. हे वाचताना मला कळलं की त्या औषधाचा शोध आपल्याकडेच लागला, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत, सोंती कामेसन यांनी १९३३ साली. जगभर विजेचे खांब त्याने टिकले. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००४ पासून घरगुती कामाला ते वापरणं थांबलं. विजेच्या खांबाला ठीक, आईच्या अळवाच्या वाफ्याशेजारी नको.

शेवटी सुतारकाकांनी सांगितलं तेच केलं, काजूच्या टरफलांचं तेल. काजूच्या कारखान्यातून मिळतं, काळं, दाट, किनाऱ्यावर होड्यांना लावतात तेच. वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. दोन हात दिले, पहिला दोन दिवस उन्हात मुरू दिला, आणि तुळईच्या दोन्ही तोंडांना तीन हात, कारण लाकूड पाणी सगळ्यात जास्त तोंडातून पितं. पण हे तेल कातडीला लागलं तर भाजतं, अक्षरशः फोड येतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही. भावाच्या मनगटावर एक थेंब उडाला, तो डाग महिनाभर होता.

मग पाया. दरडीपासून दीड फूट पुढे दोरी बांधली, फूटभर रुंद आणि नऊ इंच खोल चर खणला, तळाला तीन इंच खडी अंथरून पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली. आणि त्यावर चिऱ्याचा एक थर. एकच थर, अर्धा जमिनीत अर्धा वर, जुन्या चौथऱ्याचे चिरे उरले होते ते. हाच आमचा तळखडा. त्याच्यामुळे खालची तुळई जमिनीला कुठेही टेकत नाही.

त्यावर तुळयांचे तीन थर. एकेक तुळई नऊ फुटी आणि सात इंच उंच, म्हणजे एकवीस इंच झाले, वर चिऱ्याचे दिसणारे तीन-चार इंच धरून दोन फूट. चिऱ्याच्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तसंच इथे, वरच्या थराचा सांधा खालच्या तुळईच्या मध्याच्या जवळपास. प्रत्येक थर खालच्यापेक्षा पाऊण इंच मागे सरकवला, म्हणजे बांध दरडीवर जरासा रेलून उभा राहतो. ओळंब्यात सरळ उभा केलेला बांध थोडा जरी पुढे आला तरी लगेच डोळ्यात भरतो आणि त्याचं वजनही मग पुढेच ओढायला लागतं, रेललेल्याला तेवढी सवड असते.

तुळया एकमेकींना बांधायला बारा एमएमची सळी, चार-चार फुटांचे तुकडे. वरून खालपर्यंत आरपार भोक, चिऱ्यांच्या सांध्यातून खाली, आणि घणाने ठोकत दीड फूट जमिनीत. दर चार फुटाला एक. ऐनाच्या नारेत भोक पाडताना ड्रिल दोनदा तापून बंद पडलं, शेवटी दर दोन इंचाला बाहेर काढून भुसा झाडायचा आणि थांबायचं असं केलं. शंभर वर्षं सुकलेला ऐन म्हणजे लोखंडच.

आणि त्या कापलेल्या खांबांचे तुकडे वापरले ते बांधाला मागे ओढून धरायला. मधल्या थराच्या पातळीवर तीन ठिकाणी तुळईला काटकोनात एकेक तुकडा मागे मातीत जातो आणि त्याच्या आतल्या टोकाला दुसरा तुकडा आडवा जोडलेला, इंग्रजी टी सारखा. त्यावर माती बसली की तिचंच वजन बांधाला मागे खेचून ठेवतं, बांध पुढे जायचा म्हटलं तर सगळी माती उचलून घेऊन जावी लागेल. हे तुकडे मातीत आहेत आणि ते कधीतरी कुजणार, त्याला इलाज नाही. म्हणून तिथे पांढरा भाग वाकसाने पूर्ण तासून नुसती नार ठेवली, तेल तीनदा दिलं आणि भोवती मातीऐवजी खडी भरली.

आता मुख्य, बांधाच्या मागची बाजू. तिथे पूर्ण लांबीभर फूटभर रुंदीची नुसती खडी, तळापासून वरच्या चार इंचापर्यंत. हिशोबाने अर्धा ब्रास लागते. पाखाडीवरून घमेल्याने एवढी आणायची म्हणजे, तेव्हा निम्मी खडी आणली आणि निम्मी जागा जुन्या फुटक्या कौलांनी भरली. उतरवलेल्या घराची फुटकी कौलं ढिगाने पडली होती. भाजलेली माती आहे, पाण्यात विरघळत नाही. फक्त ती आडवी सपाट बसली तर पाणी अडतं म्हणून हातोडीने बारीक करून खडीत मिसळायची. चिऱ्याचे बारके तुकडे मात्र घालू नका, ते पावसात झिजून त्यांची मातीच होते आणि वाट बुजते.

खडीच्या तळाला चार इंची पीव्हीसी पाईप, भोकं पाडलेला, भोकं खालच्या अंगाला. वर ठेवली तर पाणी पाईपभर उंच साचल्याशिवाय आत येतच नाही. आठ फुटाला एक इंच उतार, चोवीस फुटात तीन इंच. पाईपचं तोंड केळीच्या आणि अळवाच्या खाचरात सोडलंय. खडी आणि माती यांच्यामध्ये कापड लागतं, नाहीतर दोन पावसात माती खडीत उतरून सगळं घट्ट. पहिल्यांदा आम्ही गोणपाट घालूया म्हणत होतो पण ते एका पावसात कुजतं, तेव्हा चिपळूणहून जिओटेक्सटाईल आणलं, घोंगडीसारखं असतं. या एका गोष्टीत पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात वरच्या तुळईवर जुन्या आढ्याची कौलं उपडी बसवली, आम्ही त्यांना कोने म्हणतो. माप इतकं बरोबर बसलं की आई बघतच राहिली. पाऊस कौलावरून पुढे पडतो, सळ्यांच्या भोकात जात नाही. म्हणजे आता पायाखाली दगड, डोक्यावर कौल, पाठीमागे पाण्याला वाट. घरात होतं तेच सगळं, फक्त चुलीचा धूर नाही.

पहिल्या जुलैत मी मुद्दाम आठवडाभर रजा टाकून गेले. रात्री अकराला बॅटरी घेऊन छत्रीत उभी होते पाईपच्या तोंडाशी. पाऊस सुरू होऊन तासभर झाला तरी काही नाही, माझा जीव वरखाली, आणि मग आधी गढूळ धार आली, मग हळूहळू स्वच्छ. पहाटेपर्यंत नळासारखं पाणी चालू होतं. बांधाच्या फटीतून एक थेंब नाही. भाऊ आणि मी दोघंही चिंब भिजलो होतो, आणि आई मागच्या दारात चहा घेऊन उभी होती, तिला काही विचारावं लागलं नाही.

तेव्हापासून तीन पावसाळे गेले. २०२५ ला तर मान्सून मे च्या २५ तारखेलाच कोकणात उतरला, कोणाचीच तयारी नव्हती, आम्ही पाईपचं तोंड पण साफ केलं नव्हतं, तरी निभावलं. दर गणपतीला गेले की ओळंबा लावून बघते. तीन वर्षांत मध्यभागी पाव इंच पुढे आलाय, त्यातलाही बहुतेक पहिल्याच वर्षी. वरच्या अंगाला आईने हळद आणि अबोली लावलीय, मुळांनी माती धरलीय.

वाळवी एकदाच दिसली, उजव्या टोकाला, जिथे पालापाचोळा साचून थेट तुळईला टेकला होता. पाला ओढला, तिची मातीची नळी मोडली, तेलाचा हात दिला. आता तो कोपरा साफ ठेवायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.

सुतारकाका आता फारसे घराबाहेर पडत नाहीत. या गणपतीत त्यांना भावाने मोटारसायकलवरून पाखाडीच्या तोंडाशी आणलं आणि तिथून हाताला धरून खाली. त्यांनी पटाशीच्या उलट्या टोकाने एकेक तुळई ठोकत ठोकत आवाज ऐकला, चोवीस फूट, सावकाश. सगळीकडे टणटणीत. मग डावीकडच्या खालच्या थरातल्या दुसऱ्या सांध्यापाशी थांबले, परत ठोकलं, आणि मला म्हणाले इथे कान लाव. आवाज जरा बद्द येत होता. पटाशी टेकवली तर तोंडाला अर्धा इंच आत गेली. वरच्या कोन्याचा एक तुकडा तिथे सरकला होता, पाणी नेमकं त्याच सांध्यात पडत होतं.

कौल त्याच दिवशी नीट बसवलं. गोठ्यात नववी तुळई अजून शिल्लक आहे, तिच्या तोंडावर तीन रेघा आहेत. मे मध्ये ती काकांसमोर तिथे बसवायची आहे, तेल आणून ठेवलंय.